शालजोडीतली गोष्ट

ऑफिसच्या खुर्चीवर टाकलेली ती मऊमऊ शाल खरंच 'पश्मिना' आहे का? आणि नसेल, तर नेमकं कोण फसलं?

तुमच्या ऑफिसमध्ये अशी एक तरी खुर्ची असणारच. पाठीवर शाल टाकलेली. एसी सोळावर ठेवणारा बॉस आणि नेमकं एसीच्या झोताखाली डेस्क मिळालेली बिचारी कुणीतरी, या दोघांमधला तह म्हणजे ती शाल. कुणाची मरून, कुणाची मोरपंखी, कुणाची बेबी पिंक. आणि विचारलं की उत्तर एकच, "अगं, पश्मिना आहे!" कितीला घेतलीस? तर चारशेला. बार्गेन करून. दोन घेतल्या तर सातशे.

हसू नका, मीही त्यातलीच. फरक इतकाच, की मी चारशेला नाही, अठराशेला फसले.

झालं असं, की गेल्या वर्षी आई रिटायर झाली. एकतीस वर्षं मराठी शिकवलं तिने. निरोप समारंभात रीतसर शाल-श्रीफळ मिळालं. नारळाच्या वड्या झाल्या आणि शाल इतकी टोचरी निघाली, की आईने ती इस्त्रीच्या टेबलावर अंथरली. (सत्काराच्या शालींचं आपल्याकडे बहुतेक असंच होतं. त्या पांघरण्यासाठी नसतात, फोटोसाठी असतात.) मला वाटलं, एकतीस वर्षांच्या बदल्यात हिच्याकडे एक तरी खरी शाल हवी. म्हणून एका प्रदर्शनात गेले. स्टॉलवरच्या माणसाने बोटातली अंगठी काढली, शालीचं टोक त्यातून घातलं आणि अख्खी शाल सर्रकन पलीकडे ओढली. मी जागच्या जागी पाघळले.

घरी आल्यावर आईने शाल लपेटून "छान ऊबदार आहे हो" वगैरे म्हटलं. माझा धाकटा भाऊ केमिकल इंजिनीअर आहे आणि दुसऱ्याच्या आनंदात माती कालवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. त्याने किनारीचा एक धागा ओढला आणि काडी ओढून पेटवला. धागा वितळला. टोकाला एक छोटासा, काळा, टणक मणी तयार झाला. "ताई, प्लॅस्टिक आहे," तो म्हणाला आणि मॅच बघायला निघून गेला.

तो मणी माझ्या डोक्यातून जाईना. त्यानंतर आमच्या ग्रुपचं काश्मीर ठरलं, शिकारा, गुलमर्ग, बर्फात फोटो वगैरे. बाकीच्या तिघी सोनमर्गला गेल्या, तेव्हा मी दोन दिवस श्रीनगरलाच थांबले. म्हटलं, खरी पश्मिना असते तरी कशी, हे एकदा बघून घेऊ.

शेळीचं थर्मल वेअर

श्रीनगर हा या गोष्टीचा मधला भाग. सुरुवात होते तिथून बरंच पूर्वेला, लडाखच्या चांगथांग पठारावर. उंची चौदा हजार फुटांच्या वर, झाड औषधालाही नाही आणि हिवाळ्यात तापमान उणे तीसच्याही खाली. तिथे चांगपा नावाचे भटके पशुपालक राहतात. तंबू, याक, मेंढ्या आणि शेळ्या घेऊन चाऱ्याच्या मागे वर्षभर फिरतात. त्यांच्या या चांगथांगी शेळीला निसर्गाने दोन थरांचा कोट दिलाय. बाहेरून राठ, लांब केस आणि त्याच्या आत, कातडीला लागून, कापसाहून मऊ लव. हे तिचं थर्मल वेअर. या लवेला फारसीत 'पश्म' म्हणतात, म्हणजे लोकर. पश्मपासून झालेली ती पश्मिना.

किती बारीक? या लवेचा एक तंतू साधारण १२ ते १६ मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस सत्तरच्या आसपास भरतो. म्हणजे तुमच्या एका केसाच्या जाडीत असे चार-पाच तंतू शेजारी शेजारी बसतील. इतक्या बारीक तंतूंमध्ये हवा अडकून राहते, म्हणून शाल वजनाला काहीच नसते आणि तरी गरम होते.

उन्हाळा लागला की शेळीला हा कोट नकोसा होतो आणि लव आपोआप सुटू लागते. चांगपा शेळीला आडवी पाडून, पाय बांधून, लोखंडी फणीने ती विंचरून काढतात. शेळी ओरडते, पण मरत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पश्मिना म्हटलं की काही जण लगेच "अगं, ती बॅन आहे ना?" म्हणतात. बॅन आहे ती शाहतूश. ती चिरू नावाच्या तिबेटी हरणाच्या लोकरीची आणि त्या लोकरीसाठी चिरूला मारावं लागतं. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आधीच होती, जम्मू-काश्मीरमध्येही २००२ पासून शाहतूश बंद झाली. अंगठीतून जाणारी म्हणून जी प्रसिद्ध होती ती 'रिंग शाल' म्हणजे खरं तर हीच. पश्मिनावाल्यांनी नंतर तिची ट्रिक उचलली आणि पश्मिना नसणाऱ्यांनी तर उचललीच उचलली.

एका शेळीची वर्षाची लव म्हणजे फार तर पाव किलो. त्यातले राठ केस, धूळ, कोंडा काढला की निम्मीसुद्धा उरत नाही. साध्या शालीचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असतं. तेव्हा हिशेब तुम्हीच करा, एका शालीला दोन-तीन शेळ्यांचा अख्खा हिवाळा लागतो. जगातलं बहुतेक कॅशमीर चीन आणि मंगोलियातून येतं. भारताचा वाटा जेमतेम एका टक्क्याच्या आसपास. पण 'कॅशमीर' हा शब्द मात्र काश्मीरवरूनच गेलाय, बरं का.

ही लव काश्मीरला का जाते, लडाखमध्येच का विणत नाहीत, असा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर आहे १६८४चा एक तह. तिंगमोसगांगच्या त्या तहाने पश्मचा व्यापार लडाखमार्गे फक्त काश्मीरशी होईल, असं ठरलं. लोकर एकाची आणि नाव दुसऱ्याचं, हे तेव्हापासूनचं. आता लडाखमध्येही बायकांचे गट कातायला-विणायला लागलेत आणि २०२३ मध्ये 'लडाख पश्मिना'ला स्वतंत्र जीआय मिळालं. चांगपांची पुढची पिढी मात्र शेळ्यांमागे राहायला तयार नाही. मुलं लेहला जातात, टॅक्सी चालवतात, हॉटेलात लागतात. चराऊ कुरणांचं दुखणं वेगळंच. २०२० मध्ये सीमेवर चीनशी तणाव वाढल्यापासून जनावरं कुठवर न्यायची, हाच प्रश्न झालाय. उणे तीसमध्ये तंबूत राहा, असं त्या मुलांना सांगण्याचा हक्क निदान मला तरी नाही. मला एसी सोसवत नाही.

येंदरची घरघर

श्रीनगरचा जुना भाग, ज्याला तिथले लोक डाऊनटाऊन म्हणतात, तो टुरिस्ट कारमधून दिसत नाही. अरुंद गल्ल्या, लाकडी खिडक्यांची झुकलेली घरं, बेकरीतून येणारा गरम रोटीचा वास. ओळखीतून ओळख काढत मी एका घराच्या पहिल्या मजल्यावर पोहोचले. खाली सतरंजी, भिंतीला टेकून लोड आणि खिडकीपाशी एक बाई. वय साठीच्या पुढचं. अंगात फेरन, खांद्यावर मरून शाल आणि पुढ्यात लाकडी चरखा. त्याला काश्मिरीत येंदर म्हणतात. तिची धाकटी मुलगी बी.कॉम. करतेय, ती हिंदीत मला सगळं सांगत होती. आधी गुलाबी, खारट नून चाय समोर आला. पहिला घोट जड जातो, नंतर सवय होते.

तिच्याकडे कच्ची लव येते तेव्हा ती दिसायला अगदी घाण असते, उशीतून निघालेल्या जुन्या कापसासारखी. आधी राठ केस एक-एक करून बोटांनी वेचायचे. मग तांदूळ भिजवून त्याचं ओलसर पीठ करायचं आणि लव त्यात चोळून काही काळ ठेवायची. पीठ तेल आणि मळ ओढून घेतं आणि लवेला थोडा ओलावा देतं, नाहीतर कातताना ती तुटते. मग झटकून, विंचरून तिचे हलके पेळू करायचे. आपल्याकडे खादीवाले कापसाचे करतात तसेच, फक्त हे फुंकर मारली तर उडून जातात. मी मारून पाहिली. मुलगी हसली, आई नाही हसली.

आणि मग कातणं. उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हातातल्या पेळूतून धागा ओढत न्यायचा. हात खांद्याच्या वर जातो, परत खाली येतो, धागा चातीवर गुंडाळला जातो. परत वर. मला धागा दिसतच नव्हता. खिडकीतल्या उजेडात विशिष्ट कोनातून पाहिलं, तर काहीतरी चमकल्यासारखं व्हायचं. बाई तर पाहतही नव्हती. ती मुलीशी बोलत होती, माझ्या लग्नाची चौकशी करत होती (हो, तिथेही!) आणि बोटं आपली आपण जाडी मोजत होती. हात दिला तर धागा तुटेल, म्हणून मी लांबच बसले. दिवसभर असं बसलं तरी काही ग्रॅमच सूत निघतं. शेवटी दोन धागे एकत्र करून त्यांना पीळ द्यायचा, तेव्हा कुठे विणायजोगं सूत होतं.

पैसे कसे मिळतात, हे विचारलं तेव्हा मुलीने एक लडी आणून दाखवली. ठरावीक लांबीचे दहा धागे घ्यायचे आणि त्यांना एक गाठ मारायची. वजनावर नाही, मजुरी गाठीवर. कित्येक वर्षं एका गाठीचा दर साधारण एक रुपया होता. अलीकडे काही संस्थांनी तो वाढवून दिलाय, दुप्पट आणि त्याहून जास्तही. पण ज्यांना ती माणसं भेटली त्यांनाच.

एके काळी या गल्लीत घरटी येंदर होतं, असं तिने सांगितलं. बाईच्या हातात स्वतःचा पैसा येण्याचा तो मार्ग होता. घराबाहेर पडायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, पोरांचं आवरून मधल्या वेळात कातायचं. तिच्या दोन्ही मोठ्या मुलींची लग्नं येंदरवर झाली. मग मशीनचं सूत आलं आणि व्यापारी यायचे थांबले. शेजारणींनी चरखे माळ्यावर टाकले. धाकटीला कातता येतं का, असं मी विचारलं. मुलीने आईकडे न बघता मान हलवली. येतं, पण करत नाही. मोबाईलच्या दुकानात पार्टटाइम केलं तर त्याहून जास्त मिळतात.

यावर मला "पण कला टिकली पाहिजे ना" वगैरे म्हणायचं होतं. मग मी चहा प्यायले.

धोटा, रिठा आणि चिमटा

सूत तिथून विणकराकडे जातं. तो भाग थोडक्यात सांगते, कारण मागाच्या खोलीत मला अर्धा तासच मिळाला. वीजही गेली होती. अर्थात त्याने काही बिघडत नाही, हातमागाला लाईट लागतेच कुठे! उभे धागे मागावर चढवणं हे विणण्याहून किचकट काम आणि ते करणारा माणूस वेगळा. हजाराहून जास्त धागे, एक तुटला तर शोधून जोडायचा. मग विणकर पायाने पावड्या दाबत, हाताने धोटा फेकत बसतो. साधी शाल विणायला चार-पाच दिवसांपासून आठवडाभर. एका विणीला 'चश्म-ए-बुलबुल' म्हणतात, बुलबुलचा डोळा. लहान लहान शंकरपाळ्यांची नक्षी. नाव ऐकूनच मी खूश.

मागावरून उतरलेली शाल, खरं सांगायचं तर, चादरीसारखी दिसते. मग एक जण चिमट्याने तिच्यावरच्या गुठळ्या आणि सुटे धागे उपटतो, दुसरा रिठ्याच्या पाण्यात धुतो. मग ती ताणून, गुंडाळून काही दिवस ठेवतात. भरतकाम हवं असेल तर सोज़नीवाले कारागीर वेगळे. वेचणारी, कातणारी, पीळ देणारी, ताणा लावणारा, विणणारा, उपटणारा, धुणारा आणि हे सगळं एका हातातून दुसऱ्या हातात पोहोचवणारा. एका शालीवर किती हात फिरतात, हे मोजताना माझी बोटं संपली.

कानी शाल ही याच घराण्यातली मोठी सून. कानिहामा या गावावरून ओळखली जाणारी. तिच्यात धोटा नसतोच. प्रत्येक रंगासाठी लाकडाची एक छोटी काडी, तिच्यावर रंगीत सूत आणि नक्षी विणतानाच भरायची. कुठला रंग किती धाग्यांवरून न्यायचा, हे एका सांकेतिक लिपीत लिहिलेलं असतं, तिला तालीम म्हणतात. एक जण तालीम मोठ्याने वाचतो आणि विणणारे त्याप्रमाणे काड्या फिरवतात. अक्षरशः कोडिंग! आमच्या ग्रुपमधली सॉफ्टवेअरवाली हे ऐकून उडालीच. हल्ली ही तालीम कम्प्युटरवरही काढतात. दिवसाला जेमतेम एखादा इंच विणून होतं आणि भरगच्च शालीला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. किंमत लाखांत. ती आपण म्युझियममध्ये बघायची.

तहात शाल, बोलण्यात शाल

या शालीने राजकारणही भरपूर पाहिलंय. काश्मीरचा पंधराव्या शतकातला सुलतान झैन-उल-आबिदीन याने हा धंदा वाढवल्याचं सांगतात. अकबराला शाली इतक्या प्रिय, की दोन शाली जोडून पांघरायची, दोशाल्याची फॅशन त्याने पाडली. शाली जोडीने विणायच्या आणि जोडीने द्यायच्या. आपल्या मराठीतली 'शालजोडी' ती हीच. मान द्यायचा तर शालजोडी द्यायची आणि अपमान करायचा तर जोडा शालजोडीत गुंडाळून मारायचा. आईने वर्गात हा वाक्प्रचार एकतीस वर्षं शिकवला. स्टाफरूममध्ये वापरलाही असावा.

१८४६च्या अमृतसरच्या तहाने इंग्रजांनी काश्मीर महाराजा गुलाबसिंगांच्या हवाली केलं. त्या तहात महाराजांनी दर वर्षी इंग्रजांना काय द्यायचं, तेही लिहिलंय. एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा शेळ्या (सहा नर, सहा माद्या) आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. अख्ख्या प्रदेशाच्या मालकीच्या कागदावर शेळ्यांची मोजदाद!

तिकडे युरोपात तोवर या शालींनी वेड लावलं होतं. नेपोलियनची जोसेफिन शालींची भारी शौकीन. परवडत नसेल त्यांच्यासाठी स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावच्या गिरण्यांनी नकला काढल्या. शालीवरची नक्षी म्हणजे आपली कोयरी. तीच, जी आपण मेंदीत काढतो, साडीच्या काठावर बघतो. जगभर तिला त्या गावाचंच नाव पडलं, पेझ्ली. म्हणजे नक्कल करणाऱ्याचं नाव अस्सलाला चिकटायची ही काही पहिली वेळ नाही.

आणि विणकर? त्यांच्यावर 'दाग शॉल' नावाचा जबर कर होता. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या झालडगरमध्ये शालवाल्यांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला. सैनिकांनी तो उधळला, तेव्हा कित्येक जण पाण्यात पडून बुडाले. मृतांचा आकडा २८ सांगितला जातो. शिकागोच्या कामगारांच्या आधी एकवीस वर्षं. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फ्रान्सची बाजारपेठ कोसळली, पाठोपाठ १८७७चा दुष्काळ आला आणि हा धंदा होता तसा पुन्हा कधीच झाला नाही.

मशीनचं पाप कोणतं?

आता येऊया आपल्या चारशेवालीकडे. १९९०च्या दशकाच्या शेवटी पश्मिनाची लाट परदेशात पुन्हा आली आणि त्या लाटेत 'पश्मिना' हे लोकरीचं नाव न राहता गळ्यात टाकायच्या कुठल्याही मऊ कापडाचं नाव झालं. व्हिस्कोस, अॅक्रिलिक, पॉलिएस्टर, सगळ्यांच्या लेबलवर पश्मिना. हा सरळसरळ खोटेपणा आणि तो निदान भावाच्या काडीने उघडा पडतो. वितळून मणी झाला तर प्लॅस्टिक, कागदासारखा जळला तर व्हिस्कोस, केस जळल्याचा वास येऊन राख चुरली तर लोकर. पण रेशीम आणि साधी मेंढीची लोकरही केसासारखीच जळते. त्यामुळे काडीवर फार विसंबू नका. अंगठीवर तर अजिबातच नाही, पातळ व्हिस्कोस त्यातून पश्मिनापेक्षा भराभर जातं.

खरा पेच वेगळा आहे. शाल पश्मिनाचीच, पण मशीनवर कातलेली. पश्मचा तंतू इतका नाजूक, की मशीनच्या वेगाला तो टिकत नाही. म्हणून त्यात नायलॉन मिसळतात, मशीनवर कातून विणतात आणि शाल तयार झाली की आम्लात बुडवून नायलॉन जाळून टाकतात. त्यात तंतूचंही नुकसान होतं, शालीचा मऊपणा आणि आयुष्य दोन्ही कमी होतं. पण काऊंटरवर शेजारी शेजारी ठेवली तर तुम्हा-आम्हाला काही कळणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, मशीनची शाल मशीनची म्हणून विका ना! कमी पैशात ऊब मिळत असेल तर घेणाऱ्याने जरूर घ्यावी, त्यात कमीपणा काय? पण ती 'हॅण्डमेड' म्हणून विकली, की दोघांचे खिसे कापले जातात. घेणाऱ्याचा एकदाच. खिडकीपाशी बसलेल्या बाईचा रोज, कारण शाल महाग होते ती तिच्या संथपणामुळे आणि तो संथपणा न करताच त्याचे पैसे भलताच घेऊन जातो.

यावर उपाय म्हणून २००८ मध्ये 'काश्मीर पश्मिना'ला जीआय मिळालं. तंतू १६ मायक्रॉनपर्यंतचा, हाताने कातलेला, हाताने विणलेला, तरच ते नाव लावायचं. २०१३ पासून श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये शाली तपासायची प्रयोगशाळा आहे. पास झालेल्या शालीला नंबर असलेलं, सहज न निघणारं लेबल लावतात. २०२२ मध्ये तिथल्या हस्तकला-हातमाग विभागाने अशा प्रमाणित साध्या शालीला १२ हजार रुपये ही किमान किंमतही जाहीर केली. आपण कांदा-ऊसवाल्या राज्यातले, हमीभावाचं कौतुक किती करायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण एक आकडा तरी कळला. त्याच्या खूप खाली कुणी तुम्हाला 'हातची पश्मिना' देत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

मी शेवटी घेतली. लेबलवाली, बदामी रंगाची, भरतकाम नाही, फक्त ती बुलबुलच्या डोळ्याची वीण. साडेसोळा हजार. फ्रीलान्सरच्या बजेटमध्ये हे काय असतं ते फ्रीलान्सरलाच विचारा. निम्मे पैसे भावाकडून वसूल केले, त्या मण्याची भरपाई म्हणून.

आईने पाकीट उघडलं, किंमत विचारली, मी हजार-दोन हजार सांगून वेळ मारून नेली आणि भावाने ती लगेच फोडली. पाच मिनिटं मला बोलणी बसली. मग तिने चष्मा लावला आणि शाल खिडकीशी नेऊन, उजेडात धरून एक-एक धागा पाहत राहिली. शिक्षिकाच ती. सगळं नीट विचारून घेतलं. शेळी कुठली, पीठ कशाचं, गाठ कशी मारतात, गाठीला किती देतात. मी सांगितलं तसं ती शाल घडी घालत गेली.

आता ती शाल कपाटात आहे, आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून, कडुलिंबाच्या पाल्यासोबत. रोज सकाळी फिरायला जाताना ती अजून अठराशेचीच पांघरते. "ती चांगली आहे, ती ठेवणीतली," असं उत्तर मिळतं.

त्या दिवशी घडी घालून झाल्यावर तिने अजून एक विचारलं होतं, "त्या बाईकडे स्वतःसाठी आहे का गं अशी एखादी?"

मी आठवून पाहिलं. तिच्या खांद्यावरची ती मरून शाल. आपल्या ऑफिसातल्या खुर्चीवर असते ना, तसलीच होती.